आवारात शहाणी, रस्त्यावर बुजरी: तरुण घोडीला बाहेर काढताना

राम राम. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. चार वर्षांची मारवाडी घोडी, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली. नाशिकजवळ मखमलाबादला तुमच्या मळ्याच्या आवारात ती पाठीवर बसू देते, कदम (साध्या चालीने) चालते, दुडकी (हलक्या धावेने) चालते, थांब म्हटलं की थांबते. फाटकाबाहेर थोडं अंतर गेलं की मान वर आणि पाय खिळलेले. ट्रॅक्टर, कुंपणात अडकलेला प्लॅस्टिकचा कागद किंवा कुत्रं दिसलं की गर्रकन वळून घराकडे उधळते. एकदा तुम्ही पडलातही. जाणत्या मंडळींनी तीन उपाय सांगितलेत: काटेरी लगाम (तोंडात काटे असलेली कडी) घाला, चंदी (रोजचा दाणा) बंद करा, नाहीतर नांगरलेल्या रानात पळवून दमवा. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

तिन्हीतलं काही करू नका. चंदीचं तेवढं थोडं खरं आहे, त्याकडे पुढे येतो.

तुम्ही विचारलंय की घोडीचं बुजणं कसं थांबवायचं. बुजणं थांबत नसतं. पंधरा वर्षं लोकांना पाठीवर वागवलेलं शहाणं घोडंसुद्धा पायाखालून तितर भर्रकन उडाला की दचकतं. पण ते जागच्या जागी दचकतं आणि लगेच एक कान मागे वळवून स्वाराला विचारतं, आता काय? तुमची घोडी दचकल्यावर तुम्हाला विसरते. तिला फक्त घर आठवतं. म्हणजे काम करायचंय ते दचकल्यापासून तुमच्याकडे परत येईपर्यंतच्या वेळावर. आज तो वेळ दोन मिनिटांचा असेल तर महिन्याभरात अर्ध्या मिनिटावर आला पाहिजे. माझ्याकडे फेरायला, म्हणजे शिकवायला, येणाऱ्या प्रत्येक तरुण घोड्याची प्रगती मी याच मापाने बघतो. ‘आज किती लांब गेलो’ हे माप नव्हे.

घोडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्यावर सोडाव्या लागतील. तुमची मांड (घोड्यावरची बैठक) किती पक्की आहे, तिला पहिल्यांदा कुणी आणि कसं फेरलं, बाजारात येण्याआधी ती वरातीत नाचवलेली आहे का, यावर वेळ कमी-जास्त लागेल. बाजारातल्या बऱ्याच घोड्यांना नाचरी चाल शिकवताना तोंड आवळून मान वर धरायची सवय लावलेली असते. मान वर गेली की घोड्याची पाठ ताठते आणि ताठ पाठीचं घोडं लवकर पळतं. तुमची घोडी त्यातली असेल तर आधी तिला मान खाली सोडून चालायला शिकवणं हेच मोठं काम आहे.

शिकवण्याआधी अंग तपासून घ्या. साडेतीन ते साडेचार या वयात घोड्याचे दुधाचे दात पडून कायमचे येत असतात, हिरड्या हुळहुळ्या असतात. वरच्या दाढांच्या पुढे कधीकधी एक बारीक, बिनकामाचा दात असतो आणि लगामाची कडी नेमकी त्यावर आपटते. घोड्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून तोंड बघून घ्या. खोगीर ठेवून आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर हात घालून बघा: तुम्ही वर बसलेले असतानाही तिथे दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर ते बहुधा जुन्या खोगिराचे वळ असतात. आणि हो, मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. चार वर्षांच्या घोडीवर अर्धा तास बसलात तरी पुष्कळ.

आता चंदी. दिवसभर दावणीला बांधलेलं तरुण घोडं, पुढे हरभरा, मका आणि वर गुळाचा खडा, असं असेल तर ते फाटकाबाहेर उसळणारच. दाणा कमी करा, पण पोट रिकामं ठेवू नका. घोड्याच्या पोटात आम्ल अखंड तयार होत असतं. चारा नसेल तर ते पोटालाच लागतं, आणि पोट दुखणारं जनावर जास्त चिडचिडं होतं. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज हवा. साडेतीनशे किलोच्या घोडीला पाच ते सात किलो झाला. कडबा, डोंगरी गवत, जे मिळेल ते थोडं थोडं दिवसभर पुढे राहू द्या. बाहेर काढायच्या आधी अर्धी पेंढी खाऊ घाला. अगाडी-पिछाडी (बांधायचे पुढचे-मागचे दोर) काढून दिवसातले दोन तास कुंपणाच्या आत मोकळी सोडता आली तर निम्मी रग तिथेच जिरते. दमवण्याबद्दल म्हणाल, तर नांगरलेल्या रानात पळवून चार वर्षांच्या घोडीचे पाय जायबंदी होतात. शिवाय रोज पळवलेल्या घोडीचा दम वाढत जातो, तिला दमवायला तुम्हाला रोज जास्त पळवावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक तरुण घोड्याची एक हद्द असते. घरापासून अमुक अंतरापर्यंत ते तुमचं ऐकू शकतं, त्यापुढे ऐकणं त्याच्या हातात राहत नाही. समजा तुमची घोडी वाटेवरच्या विजेच्या डीपीपर्यंत निवांत असते आणि डीपी ओलांडली की ताठते. तर डीपी ही तिची आजची हद्द. तुम्ही बहुधा रोज करता ते असं: डीपीच्या पुढे रेटता, ती उधळते, घरी येते. तिच्या हिशेबी धडा पक्का झाला की उधळलं म्हणजे घर मिळतं. त्यात टाच आणि चाबूक पडला असेल तर दुसराही धडा, की डीपीपलीकडे मार असतो.

त्याऐवजी डीपीच्या दहा पावलं अलीकडे थांबा. ती निवांत असतानाच तुम्हीच वळवा, घराकडे चालत या, फाटकापर्यंत आलात की आत न जाता पुन्हा वळा. एका सकाळी असे चार-सहा हेलपाटे. घर सोडून जाणं हे इतकं नेहमीचं, इतकं कंटाळवाणं झालं पाहिजे की त्यात तिला काही विशेष वाटू नये. मग हद्द आपोआप सरकते. एखाद्या दिवशी वारा सुटलेला असेल, शेजारी फवारणीचा ब्लोअर चालू असेल, तर ती कालच्यापेक्षा अलीकडे येईल. त्या दिवशी तिथूनच वळायचं.

हद्द जवळ आली हे कसं ओळखायचं? मारवाडी घोड्याच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं, कारण आत वळलेल्या टोकांचे ते कान लांबूनही वाचता येतात. चालताना एक कान पुढे, एक तुमच्याकडे, अधूनमधून अदलाबदल, म्हणजे ठीक चाललंय. दोन्ही कान एकाच वस्तूवर रोखले गेले, टोकाला टोक भिडलं, तर सावध व्हा. त्यानंतर पावलं आखूड होतात, मान चार बोटं वर येते, नाकपुड्या रुंदावतात आणि श्वास थांबतो. श्वास थांबलेला मांडीखाली कळतो, बरगड्यांची हालचाल बंद होते. इथवर यायच्या आधीच वळायला हवं होतं. पण आलातच, तर थोडं मागे या, उभे राहा, लगाम सैल सोडा आणि वाट बघा. ती मान खाली घालेल, लांब श्वास सोडून फुरफुरेल, तोंड चाळवेल, एक कान तुमच्याकडे वळेल. तोवर काहीही मागू नका. हा कान वळला की थोडं खाजवा, थोपटू मात्र नका. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे, जिथे घोडी एकमेकींना दातांनी खाजवतात. फ्रान्समध्ये १९९३ साली कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेल्या अभ्यासात नेमकी हीच जागा खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी झालेले दिसले. आपल्याकडे लोक मानेवर सटासट थापा मारतात, त्याने भ्यालेलं घोडं शांत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

ठोक्यांवरून आठवलं. तिच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवरून एक नस जाते. बोटांनी हलकं दाबलं की ठोका लागतो. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके असतात. घरी निवांत असताना मोजून ठेवा. बाहेर बुजली तर आधी ती उभी राहून मान खाली घालू द्या आणि मग तुम्ही उतरून मोजा. दिसायला शांत, पण नस धडधडतेय, असं तरुण घोड्यात फार वेळा असतं. अशा वेळी स्वार फसतो.

हे सगळं पहिले काही आठवडे पायी करा. म्होरकी (तोंडात कडी नसलेली, डोक्यावर घालायची दोरी) घाला, साडेतीन-चार मीटरचा दोर घ्या, तो हाताला गुंडाळू नका, आणि तिच्या खांद्याशी चाला. बरेच स्वार याला कमीपणा समजतात. पण जमिनीवरून तुम्ही तिला दिसता, पाठीवरून दिसत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, मात्र कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा आंधळा राहतो. म्हणून नवी वस्तू आली की त्याला मान हलवून, वाकवून बघावं लागतं. त्याच क्षणी तुम्ही लगाम ओढून मान जखडलीत, की तिचं बघणंच बंद केलंत. उजेडातून सावलीत जातानाही तिचे डोळे आपल्यापेक्षा हळू सरावतात. पुलाखालच्या बोगद्याच्या तोंडाशी अडली तर तो अडेलपणा समजू नका, उभी राहू द्या. आणि जाताना पाहिलेल्या कागदाला येताना पुन्हा बुजली तर चिडू नका, दुसऱ्या बाजूने तोच कागद तिला नवा असतो.

ट्रॅक्टरची भीती काढायची माझी पद्धत साधी आहे, ट्रॅक्टर तिच्यापासून पळाला पाहिजे. घरच्या कुणाला तरी पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर पुढे न्यायला सांगा आणि तुम्ही घोडीला घेऊन पायी मागे चाला, सुरुवातीला पन्नास पावलं अंतर ठेवून. पुढे जाणाऱ्या वस्तूच्या मागे जायला घोडं सहसा कचरत नाही. ती कान पुढे करून लांब पावलं टाकायला लागली की अंतर कमी करा. ट्रॅक्टर थांबला की तुम्हीही थांबा. चार-सहा दिवसांत ती उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा वास घेईल. मग शेजारून जाणं, मग समोरून येणं. मागून ओव्हरटेक करणं सगळ्यात शेवटी, कारण तो आवाज आंधळ्या पट्ट्यातून येतो. प्लॅस्टिकचंही तसंच करा. काठीला पिशवी बांधून तुम्ही पुढे चाला, ती मागून येऊ द्या. पिशवी अंगावर नेऊ नका.

आपल्याकडचा द्राक्षपट्टा घोड्यासाठी अवघड आहे, हे परगावच्या लोकांच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांमध्ये ब्लोअर सतत चालू असतात. मणी भरायला लागले की पाखरं हाकायला चमकी पट्ट्या लावतात, त्या वाऱ्यावर लखलखतात आणि थरथरत आवाज करतात, शिवाय मधूनच फटाका उडतो. फेब्रुवारीपासून खुडा, क्रेट, पिकअपची वर्दळ. त्यात ओझरच्या बाजूने एखादं लढाऊ विमान येतं, देवळालीकडे राहणाऱ्यांना तोफांच्या सरावाचे आवाज असतात. म्हणून वाट निवडताना बागेच्या बांधाला लागून जाऊ नका. पाटाच्या कडेचा किंवा गहू-कांद्याच्या रानातून जाणारा शिवार रस्ता बघा. सकाळी उजाडल्यावर, दूधवाल्यांची घाई ओसरली की निघा. गंगापूर रोडच्या बाजूला सध्या फिरकूच नका, तिथल्या गाड्यांसाठी ही घोडी तयार नाही. बांधावरचं गवतही खाऊ देऊ नका, त्यावर फवारणीचं औषध उडालेलं असतं.

एखादं वयस्क, थंड डोक्याचं घोडं सोबतीला मिळालं तर हे काम निम्म्यावर येतं. आधी ते पुढे, मग बरोबरीने, मग तुमची घोडी अर्धं अंग पुढे. सोबत मिळाली की लोक कायम तिच्याच भरवशावर राहतात, म्हणून आठवड्यातला एखादा फेरा एकटीचा ठेवा, भले तो डीपीपर्यंतच असो. सोबतीचं घोडं स्वतः बुजरं असेल तर मात्र ते घरीच राहू दे. दोन बुजरी घोडी एकमेकींना आणखी बुजवतात.

पाठीवर बसाल तेव्हा तुमचा श्वास सांभाळा. स्वीडनच्या कृषी विद्यापीठाचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. माणसांना सांगितलं गेलं की या फेरीला घोड्याजवळ छत्री उघडली जाणार. छत्री कुणी उघडलीच नाही, पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्या घोड्यांचेही. तुम्ही एकदा पडला आहात, त्यामुळे कागद दिसला की तुमच्या मांड्या आवळत असणार. घोडीला कागदाचा निरोप तुमच्याकडूनच आधी जातो. अशा वेळी कागदाकडे बघू नका, वाटेवर पलीकडे नजर ठेवा, तिची मान किंचित कागदाच्या उलट बाजूला वळवा आणि मोठ्याने काहीतरी बोलत राहा. मी गिऱ्हाइकांना भाजीची यादी म्हणायला लावतो. बोलताना श्वास रोखता येत नाही.

उधळण्यावरचा ब्रेक आवारातच शिकवून ठेवा. चालत असताना एकच लगाम हळू मागे घेऊन तिची मान तुमच्या गुडघ्याकडे वळवायची. मागचे पाय एकमेकांना ओलांडून सरकले आणि ती थांबली की लगाम लगेच सोडायचा. दोन्ही बाजूंनी, इतक्या वेळा की ते तिच्या अंगवळणी पडेल. बाहेर ती ताठली की पहिल्याच क्षणी हे वापरायचं. भरधाव सुटल्यावर असं एकदम वळवू नका, पडाल दोघंही. डांबरावर नाल घसरतात, तिथे तर मुळीच नको.

उतरावं की बसून राहावं यावर जुन्या चाबुकस्वारांचं (घोडी शिकवणाऱ्यांचं) आणि माझं जमत नाही. ते म्हणतात, उतरलात की घोडं जिंकलं. माझं म्हणणं, ती उभी असताना, तुमच्या मर्जीने उतरलात तर त्यात हार कसली? उतरा, हातात दोर धरा, तिथेच दोन-चार वेळा मागे सरकवा, बाजूला सरकवा, वस्तूजवळून पायी न्या, मग पुन्हा बसा. उतरून थेट घरी आणून चाऱ्यापुढे बांधलीत, तर जुन्या माणसांचं म्हणणं खरं ठरेल. परतीची वाट नेहमी कदम चालीने यायची. घाई करायला लागली की वळून दहा पावलं घरापासून दूर. आल्याबरोबर दाणा देऊ नका, थोडा वेळ फाटकात उभी करा, खरारा करा.

काटेरी लगामाचं शेवटी सांगतो, कारण त्यावर चर्चेला जागा नाही. १९६५ च्या, गाडी ओढणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसंबंधीच्या नियमांनुसार काटे असलेला लगाम वापरणं बेकायदा आहे, स्वारीसाठीसुद्धा. आणि उपयोगाचं म्हणाल तर भ्यालेल्या घोड्याच्या तोंडात दुखलं की ते दुखण्यापासून पळतं. घोडी काट्याने थांबते असं सांगणारे लोक आवारातल्या घोडीबद्दल सांगत असतात. सांधा असलेला गुळगुळीत, जाडसर लगाम घाला.

तुम्ही शेवटी विचारलंय की मे महिन्यात भाच्याच्या वरातीत नेता येईल का. यंदा नाही. नाशिक ढोल अंगावर आला की भलीभली घोडी बावचळतात. पुढच्या वर्षीसाठी आत्तापासून सुरू करा. ती चारा खात असताना लांबवर मोबाइलच्या स्पीकरवर ढोलाचा आवाज, अगदी बारीक. खाणं थांबवून मान वर केली तर आवाज जास्त झाला, कमी करा. मग एखाद्या पथकाचा सराव लांबून ऐकवा, तिची हद्द राखून. भीती जाईल म्हणून सरळ ढोलांच्या मधोमध उभी करतात, तो प्रकार करू नका. तिथे ती हलत नाही ते थिजल्यामुळे, आणि थिजलेलं घोडं कधी फुटेल सांगता येत नाही.

स्वारीचं हेल्मेट आणि टाच असलेले बूट घाला, चपलेचा पाय रिकिबीत अडकला तर फरफट होते. ती मागच्या पायांवर उभी राहायला लागली असेल, किंवा उधळताना कुंपण-रस्ता काही न बघता जात असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि अनुभवी फेरणाऱ्याला समोर आणून दाखवा. ते लिहून शिकवण्यासारखं नाही. नाहीतर आधी तोंड आणि खोगीर तपासून घ्या आणि डॉक्टर काय म्हणाले ते इथेच कळवा. दाताचं काही निघालं तर पुढचा महिनाभर लगाम न घालता फक्त म्होरकीवर, पायीच काम करायचं, त्याचा क्रम थोडा वेगळा सांगावा लागेल.